कयाकमधून चुनखडीच्या गुहा आणि आदिम चित्रं : मुंबईकरांसाठी क्राबी-फांगन्गाची सविस्तर गाईड

आधीच सांगून टाकते, मुंबईच्या आसपास कयाक घालून शिरता येईल अशी चुनखडीची गुहा शोधत बसू नका, नाहीये. आपल्याकडे घारापुरी आहे, कान्हेरी आहे, जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर आहे, पण ती सगळी लेणी, म्हणजे माणसानं छिन्नी हातोडा घेऊन बेसॉल्टमध्ये कोरलेली. आपला काळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो पावसाच्या पाण्याला दाद देत नाही. चुनखडी देते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि लाखो वर्षं हा दगड खात बसतं, वर पायथ्याशी समुद्र आहेच पोखरायला. अशी जागा हवी असेल तर थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरचा फांगन्गाचा उपसागर आणि त्याला लागून असलेला क्राबीचा आओ लुएक भाग गाठायचा. फुकेतला मुंबईहून थेट विमान मिळतं, साडेचार-पाच तासांत पोचता, तिथून रस्त्यानं दोनेक तासांत आओ लुएक. पाच दिवसांची रजा पुरते.

आता हे सगळं मी एवढं ठासून का लिहितेय तर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं चुकवलं होतं. बीचवरच्या एका दुकानातून पॅकेज घेतलं, सकाळी नऊला निघायचे ते साडेअकराला निघालो, जेवण बिवण करून गुहेपाशी पोचलो तर भरती पूर्ण, पाणी छताला टेकलेलं, गाईडनं खांदे उडवले आणि आम्ही बाहेरूनच फोटो काढून परत. चित्रं? एकही नाही. दुसऱ्या खेपेला मी उलटीकडून प्लॅन केला. म्हणजे आधी पाणी बघितलं, मग रजा टाकली आणि सगळ्यात शेवटी तिकीट काढलं. खालचं सगळं त्या दुसऱ्या खेपेवरून.

आधी तिथी, मग रजा

ह्या ट्रिपमध्ये हॉटेल, बजेट, खाणं सगळं नंतर. भरती-ओहोटी पहिली. वर्सोव्याच्या एका कोळी काकांनी मला शिकवलेला हिशेब बऱ्याच जणांना घरातून माहीत असेल, तिथीला पाऊणनं गुणायचं की आपल्याकडच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाला अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं भरती पुढे सरकते म्हणून हे जमतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं.

हे गणित थायलंडला घेऊन जाऊ नका मात्र. घड्याळातली वेळ प्रत्येक किनाऱ्याची वेगळी असते. पण चंद्र एकच आहे, त्यामुळे तिथीचा दुसरा अर्धा भाग तिथेही चालतो : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे गुहेचं तोंड एकदा छतापर्यंत भरतं आणि एकदा तिथे नुसता चिखल, मधे तुम्हाला आत जायला मिळणारा वेळ थोडा. भांगाला चढउतार कमी, प्रवाह मवाळ, आत जायची खिडकी लांब. नवशिक्यांनी डोळे झाकून भांगाचे दिवस धरायचे. समुद्र चंद्रापेक्षा एक-दोन दिवस मागे चालतो, म्हणून अष्टमी ते दशमी हे माझे आवडते दिवस.

आता गंमत बघा. आपण सुट्ट्या कशा घेतो? होळी जोडून. होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. दिवाळी? लक्ष्मीपूजन अमावास्येला, उधाण. गुढीपाडवा प्रतिपदा, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा उधाण. मराठी माणसाच्या निम्म्या सुट्ट्या नेमक्या गुहा बंद करणाऱ्या. त्यातल्या त्यात रामनवमी कामाची आहे, नवमी म्हणजे भांग, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथला हंगामही संपलेला नसतो, फक्त ऊन मी म्हणतं. अंदमान बाजूचा कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, मे ते ऑक्टोबर तिकडेही नैऋत्य मोसमी पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, ह्या महिन्यांतल्या अष्टमीवर पेनानं गोल करा आणि मग बॉसला मेल टाका.

गोल झाला की नेमक्या वेळा बघायच्या. थायलंडच्या नौदलाचा हायड्रोग्राफिक विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतो आणि बहुतेक टाइड ॲप्समध्ये क्राबी मिळतं. एक धोका आहे : त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. घरी बसून ॲप बघताना ते वेळ आपली दाखवतंय की तिथली हे दोनदा तपासा. माझा मामेभाऊ मुंबईत काढलेला स्क्रीनशॉट घेऊन आला होता, तो भारतीय वेळेचा निघाला. दीड तासात काय होतं ते पुढे येईल.

बाराव्या हिश्श्याचा हिशेब पाठ करा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही, पहिल्या तासात एकूण चढाचा एक बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चढ ३ मीटर धरला तर २५, ५०, ७५, ७५, ५०, २५ सेंटीमीटर. म्हणजे मधल्या तासात तुमच्या डोक्यावर दोन फूट मोकळी जागा असेल तर ती एका तासाच्या आत गायब. हा एक आकडा लक्षात राहिला की गुहेत सेल्फी काढत रेंगाळायची इच्छाच होत नाही.

मुंबईत करायची तयारी

पोहता आलंच पाहिजे असं नाही असं पॅकेजवाले सांगतात, लाइफ जॅकेट असतं म्हणतात. मी म्हणते यायला हवं. ऑलिम्पिक नको, पण शांतपणे पन्नास मीटर आणि पाण्यात पडल्यावर घाबरून दुसऱ्याच्या गळ्यात न पडणं एवढं तरी. महापालिकेच्या तलावात दोन महिने सकाळची बॅच लावा.

कयाकिंगसाठी कोलाडला कुंडलिकेवर जा, किंवा पवनेच्या पाण्यावर, किंवा मांडव्याकडे. खुल्या समुद्रात स्वतःच्या जिवावर घुसू नका, अक्सा बीचचा लौकिक तुम्हाला माहीत आहे. दोन-तीन रविवार पुरेत पण त्यात नुसतं फिरायचं नाही, खालच्या गोष्टी पक्क्या करायच्या.

वल्हं कसं धरायचं : डोक्यावर आडवं ठेवा, दोन्ही कोपरं काटकोनात आली की हात बरोबर अंतरावर आहेत. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. जोर दंडातून काढू नका, कमरेतून वळा, पाय पायटेकावर दाबा, नाहीतर पहिल्या तासातच खांदे जातील आणि गुहा अजून यायचीच असेल. पुढे जाणं सगळ्यांना पटकन जमतं. गुहेत खरी गरज पडते ती सरळ मागे येण्याची आणि जागच्या जागी वळण्याची. एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला मागे असं वल्हवून गोल फिरायचं, आणि वीस-तीस मीटर उलटं सरळ यायचं, हे जमेपर्यंत करा. कंटाळवाणं आहे, मान्य.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा ताल धरतो, मागचा दिशा. नवरा-बायको असाल तर हे घरूनच ठरवून या, पाण्यावर ठरवायला गेलात तर आख्ख्या उपसागराला ऐकू जातं.

पडल्यावर परत चढणं : तिथे मिळतात त्या बहुतेक कयाक वर बसायच्या, आत पाय घालायच्या नाहीत, त्यामुळे पाणी आत भरायचा प्रश्न नाही. उलटली तर आधी वल्हं आणि कयाक दोन्ही धरून ठेवा, कयाक सुलटी करा, मधोमध या, पलीकडची कड पकडा, पाय जोरात मारून पोटावर आडवे चढा, मग वळून बसा. जोडीदारानं पलीकडून भार द्यायचा. पाच वेळा मुद्दाम पडा, पाच वेळा चढा. पहिल्यांदा अर्धा तास लागला होता मला आणि किनाऱ्यावरची पोरं हसत होती, हसू देत.

खुणा पण ठरवा. वल्हं उभं धरलं म्हणजे या, आडवं धरलं म्हणजे थांबा. शिट्टी एकदा म्हणजे इकडे बघ, तीनदा म्हणजे मदत. गुहेत आवाज इतका घुमतो की बोललेलं एक अक्षर कळत नाही, तिथे ह्याच खुणा उपयोगी.

बॅगेत काय

दोन हेडलॅम्प, माणशी. एक बंद पडतोच. पाण्यात न भिजणारी ड्राय बॅग, मोबाईलला गळ्यात अडकवायचं पाऊच. बंद बूट, चप्पल नाही, कारण चुनखडीच्या पायथ्याशी कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हातमोजे त्याच कारणासाठी. माझ्या कोपराला अजून वण आहे, भिंतीला हातानं रेटा द्यायला गेले आणि फाटलं. कालव लागलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा आणि आयोडीनसारखं काहीतरी लावा, खाऱ्या पाण्याची जखम चिघळायला वेळ लावत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. खायला धपाटे, शेंगदाण्याचा लाडू, जे भिजलं तरी चालेल ते. बोटीनं मळमळणाऱ्यांनी आपली नेहमीची गोळी अर्धा तास आधी घ्यावी.

कागदपत्रांचं थोडक्यात : थायलंडला जाण्याआधी त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. व्हिसाचे नियम ते वरचेवर बदलतात, तिकीट काढायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर बघा, कुणाच्या रीलवर विसंबू नका. राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी असते, रोख बाट जवळ ठेवा.

कुठे जायचं, कुठल्या क्रमानं

पहिल्या दिवशी गुहा नको. आओ थालेनला जा, क्राबीच्या उत्तरेला आहे, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधून कांदळवनाच्या अरुंद गल्ल्या. ऐरोलीच्या खाडीत आपण बघतो तिथे तिवरं जास्त, इकडे कांदळाची झाडं, मुळं कमानीसारखी पाण्यात रोवलेली. इथे हात बसतो. एक लक्षात ठेवा, ह्या गल्ल्या भरतीला चांगल्या, ओहोटीला चिखल, त्यामुळे अर्धी भरती झाली की निघा. माकडं आहेत, लाडवांची पिशवी उघडी ठेवू नका.

दुसरा दिवस मुख्य. आओ लुएकजवळच्या बो थो धक्क्यावर या, क्राबी शहरापासून चाळीसेक किलोमीटर. हा भाग थान बोक खोरानी राष्ट्रीय उद्यानात येतो. धक्क्यावर कयाक भाड्यानं मिळतात आणि गाईडही, पहिल्या वेळी गाईड घ्याच. इथे दोन गोष्टी जवळजवळ आहेत. एक थाम लोत : थाम म्हणजे गुहा, लोत म्हणजे खालून आरपार जाणं. डोंगराच्या पोटातून पाणी वाहतं आणि तुम्ही कयाक घेऊन एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता, डोक्यावर झुंबरासारखे चुन्याचे सुळके लोंबतायत. दुसरी थाम फी हुआ तो. फी म्हणजे भूत, हुआ म्हणजे डोकं, तो म्हणजे मोठं. मोठ्या डोक्याच्या भुताची गुहा! नाव कशावरून पडलं ह्याच्या दोन गोष्टी सांगतात, कुणी म्हणतं आत मोठ्या कवट्या सापडल्या म्हणून, कुणी म्हणतं भिंतीवरच्या मोठ्या डोक्याच्या चित्रामुळे. चित्रं बघायची ती इथेच.

तिसऱ्या दिवशी फांगन्गाच्या बाजूला. आओ फांगन्गा राष्ट्रीय उद्यान १९८१ पासून आहे. सगळे जेम्स बाँड आयलंडला गर्दी करतात, मी तिथे दहा मिनिटांवर वेळ घालवणार नाही. त्यापेक्षा खाओ खिअन बघा. खाओ म्हणजे डोंगर, खिअन म्हणजे लिहिणं, चितारणं. चितारलेला डोंगर. कड्याच्या पुढे आलेल्या छपराखाली लाल-तपकिरी रंगात मासे, प्राणी आहेत आणि ते पाण्यावरूनच बघायचे. मोठ्या बोटी येतात, हात दाखवतात, जातात. कयाक असेल तर तुम्ही अर्धा तास समोर तरंगत राहू शकता आणि चित्र दिसायला तेवढा वेळ लागतोच. जेवायला जवळच कोह पान्यी, खांबांवर उभं असलेलं मुस्लिम मच्छिमारांचं गाव. मासे खाणाऱ्यांची चंगळ, शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द पाठ करावा, म्हणजे मांसमासे नसलेलं.

गुहेत शिरताना

इथे जरा दमानं वाचा.

पाणी चढतंय की उतरतंय ते आधी बघा. चढत असेल तर छत खाली येणार, म्हणजे परतीचा दरवाजा बंद होत चाललाय. उतरत असेल तर छत वर जाणार, फार फार तर चिखलात रुताल. रुतलात तर लाज वाटते, छताला अडकलात तर जिवावर बेततं. म्हणून नवख्यांनी भरती संपून पाणी उतरायला लागल्यावरच शिरायचं, अर्ध्या ओहोटीच्या सुमारास. मामेभावाच्या त्या स्क्रीनशॉटमुळे आमचा सगळा हिशेब दीड तासानं चुकला होता. पाणी उतरतंय समजून आम्ही एका हाँगमध्ये, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या पाण्याच्या खोलीत, शिरलो आणि ते चढत होतं. बाहेर येताना कयाकमध्ये पाठीवर सपाट झोपून, वल्हं अंगाशी लांब धरून, नाकापासून वीतभर अंतरावरून कालवं सरकताना बघत आलो. कुणी एक शब्द बोललं नाही. मागच्या वर्षी ह्याच भावानं गाडी चालवताना गुगल मॅपवर भांडण काढलं होतं, आता तोच माणूस घड्याळ तीन वेळा विचारतो.

हाँग म्हणजे थाई भाषेत खोली. डोंगराच्या पोटातली गुहा वाढत वाढत जाते आणि एक दिवस तिचं छत कोसळतं, मग आत आकाश दिसणारी, चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेली पाण्याची खोली तयार होते. आत जायचा रस्ता मात्र तोच बुटका बोगदा. कोह पानाक आणि कोह हाँगला अशा खोल्या आहेत.

शिरायच्या आधी भिंतीवरची ओळ बघा. कालवं आणि शेवाळ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पाणी रोज येतं. ती ओळ छताला भिडलेली असेल तर भरतीला तो बोगदा पूर्ण बुडतो, हे कोष्टकाशिवायही कळतं. शिवाय कड्याच्या पायथ्याशी दगड आतल्या बाजूला कोरून काढल्यासारखी खाच दिसेल, तीही समुद्रानंच केलेली. काही ठिकाणी अशा जुन्या खाचा आजच्या पाण्यापेक्षा चांगल्या उंचावर दिसतात कारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वी इथला समुद्र आत्तापेक्षा वर होता.

आत एका मागे एक, दोन कयाकमध्ये किमान एका कयाकची जागा. बाहेर एक माणूस थांबवा. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर द्या. लांब शेपटीच्या इंजिन बोटींच्या लाटा बोगद्यात शिरल्या की कयाक वर उचलली जाते, तेव्हा डोकं सांभाळा. वटवाघळं असतील तर दिवा त्यांच्यावर रोखू नका आणि त्यांच्या विष्ठेची कोरडी धूळ उडते तिथे थांबू नका, ती फुप्फुसाला वाईट. बांबूच्या शिड्या-परांच्या बांधलेल्या दिसल्या तर ती गुहा पाकोळ्यांच्या घरट्यांची, ठेका दिलेली आणि राखण असलेली, तिथे शिरायचंच नाही. आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या बेटावरही पाकोळ्यांची वसाहत आहे, त्यामुळे कोकणातल्या लोकांना हा पक्षी नवा नाही.

चित्रं बघायची कशी

थाम फी हुआ तोमध्ये कयाक बांधून थोडं वर चढून जावं लागतं. आत शिंपल्यांचा थर आहे, म्हणजे इथे माणसं बसून खात होती. चित्रं दोनशेच्या वर, माणसं, प्राणी, हातांचे ठसे, बहुतेक लाल आणि काळी, वय साधारण दोन ते तीन हजार वर्षं सांगतात. एक हात सहा बोटांचा आहे. तो शोधत बसणं हा आत गेलेल्या प्रत्येकाचा उद्योग, आम्हीही केला.

पहिल्या पाच मिनिटांत काही दिसत नाही. खरंच. बरेच जण इथूनच वैतागून फिरतात. लाल डाग सगळीकडे असतात कारण लोखंडाचे क्षार पाण्यासोबत भिंतीवरून ओघळतात. ओघळ उभा असतो, खाली पसरत जातो, त्याला कड नसते. रंगवलेल्या रेषेला कड असते, ती आडवी जाते, वळते, परत येते. हा फरक एकदा नजरेत बसला की मग भिंत बोलायला लागते. लाल रंग म्हणजे आपला गेरूच, लोखंडाचं ऑक्साइड, दारापुढच्या तुळशीवृंदावनाला लावतो तोच. खनिज असल्यामुळे तो उन्हानं उडत नाही, आणि पुढे आलेल्या छपराखाली पाऊस लागत नाही म्हणून टिकला.

टिकला म्हणून हात लावायचा नाही. बोटांचं तेल, घाम आणि मीठ रंगाला मारतं. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून पाणी मारायची वाईट सवय आपल्याकडेही काही ठिकाणी बघितलीय, ते तर अजिबात नको, पाणी सुकताना क्षार वर येतो आणि रंगावर पांढरा पापुद्रा धरतो. भिंतीपासून हातभर नाही, चांगलं दीड मीटर लांब. लाइफ जॅकेट आणि बॅग आधीच काढून ठेवा, वळताना तीच घासते.

फोटो काढताना फ्लॅश बंद, बाहेरचा उजेड पुरतो. फिकट चित्रांसाठी डीस्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर आहे, शैलचित्रांचे अभ्यासक वापरतात, ते लाल छटा फुगवून दाखवतं. संध्याकाळी हॉटेलवर बसून फोटो त्यात टाकले तर डोळ्याला न दिसलेला एक हात माझ्या फोटोत निघाला, मी ओरडलेच.

वयाबद्दल लोक हमखास विचारतात की कसं ठरवतात. एक पद्धत अशी की चित्रावर नंतर साचलेला चुन्याचा पापुद्रा घ्यायचा आणि त्यातल्या युरेनियमचा किती भाग थोरियम झालाय ते मोजायचं. पापुद्रा जेवढा जुना, चित्र किमान तेवढं तरी जुनं. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या चुनखडीच्या गुहांमधलं एक चित्र अशाच पद्धतीनं किमान ५१,२०० वर्षांचं ठरलं, २०२४ मध्ये जाहीर झालं. क्राबीची चित्रं त्यापुढे कालची म्हणायची. पण मला त्यातली मजा वेगळी वाटते. ही माणसं शिंपले खाणारी, चिखल आणि भरती ओळखणारी, आणि खाओ खिअनसारख्या जागी चित्र काढायचं तर होडीशिवाय कसं पोचणार? गेरूचा गोळा घेऊन कुणीतरी पाणी उतरायची वाट बघत बसलं असेल. आपण निदान त्याच बाजूनं, त्याच उंचीवरून बघतोय.

परतीचा हिशेब

पोचायला लागलेल्या वेळेच्या दीडपट परतीसाठी ठेवा. दुपारनंतर वारा उठतो आणि थकलेल्या हातांना समोरून वारा म्हणजे शिक्षा. सकाळी उजाडताच निघा, एक-दीडपर्यंत धक्क्याला या. वारा समोरून असेल तर कड्याच्या आडोशानं या, सरळ मधून येऊ नका. आणि उपसागर ओलांडताना इंजिन बोटींचा रस्ता काटकोनात, सगळ्यांनी एकत्र, पटकन पार करा, त्यांना कयाक लवकर दिसत नाही.

मुंबईला परत आल्यावर एक आठवडाभर भिंतींवरचे ओघळसुद्धा चित्र वाटतात. तो चष्मा उतरायच्या आत कोकण रेल्वेनं रत्नागिरी गाठा आणि राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती बघून या. चुनखडी नाही, गुहा नाही, कयाक तर नाहीच, जांभ्याच्या सड्यावर उघड्यावर कोरलेला सुमारे अठरा मीटरचा हत्ती आणि त्याच्या पोटात मासे आणि इतर जनावरं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. दुपारी जाऊ नका, ऊन डोक्यावर असलं की रेषा सपाट होतात आणि काहीच उठून दिसत नाही. सकाळी साडेसात-आठला तिरपं ऊन असताना जा, कोरलेल्या खाचेत सावली बसते. सड्यावर झाड नाही, पाणी बरोबर घ्या, आणि बूट काढून मगच कडेकडेनं फिरा. कनकादित्याचं देऊळ त्याच गावात आहे, ते परतताना.